तिसऱ्या ट्रेची मोजणी

३ जून

चि. ठकूस,

पत्राच्या आरंभी थोरल्या बहिणीने आशीर्वाद लिहावेत असा प्रघात आहे. तो मी तात्पुरता बाजूला ठेवते, कारण ज्याला आशीर्वाद द्यायचे त्याला ते हवे आहेत की नाहीत हे आधी विचारलेले बरे. तू, तुझे यजमान आणि तुझा छापखाना, सर्व सुखरूप असावेत. माझे ठीक आहे. उजवा गुडघा जिना उतरताना हरकत घेतो, चढताना घेत नाही. डॉक्टरांच्या मते याला शास्त्रीय कारण आहे. माझ्या मते तो गुडघ्याचा स्वभाव आहे.

आई गेल्यापासून आपण एकमेकींना लिहिलेले नाही. त्याला आता सहा वर्षे होतील. तेव्हाही आपले बोलणे झाले ते औषधांच्या वेळा आणि चादरी यांच्यापुरते. तेव्हा हे पाकीट पाहून तू दचकशील. दचकू नकोस; कोणी आजारी नाही.

विषय असा. आमच्या विद्यापीठात पदवीच्या मुलांना सुट्टीचे दहा आठवडे प्रत्यक्ष संशोधनात सामील करून घेण्याची योजना आहे. तुला ती माहीत आहे. यंदा चौदा जागांसाठी दोनशेच्या वर अर्ज आले आणि तुझ्या लेकीची निवड झाली. निवड समितीवर मी होते. पण तिचा अर्ज पुढे आला तेव्हा मी खोलीबाहेर गेले आणि तसे इतिवृत्तात नोंदवून घेतले. कोणी कोणत्या प्रयोगशाळेत जायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरते. तिच्या चिठ्ठीत पानांवर काम करणारी आमची प्रयोगशाळा निघाली. मुले तिला पर्णकुटी म्हणतात. सध्या तिचा प्रमुख माझाच एक जुना विद्यार्थी आहे. मी ऑगस्टअखेर निवृत्त होते आहे, तोवर कोपऱ्यातल्या खोलीत माझे टेबल आहे एवढेच.

पहिल्या दिवशी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"मावशी... म्हणजे मॅडम... म्हणजे, काय म्हणू?"

"दाराच्या आत मॅडम. बाहेर मावशी."

"आणि उंबऱ्यावर?"

"उंबऱ्यावर उभं राहू नये."

ती हसली. हसणे तुझे आहे; आधी खांदे हसतात, मग तोंड. मग म्हणाली, "आईला सांगू नका हं, मी या लॅबमध्ये आहे ते. मी सांगीन नंतर."

"का बरं?"

"या लॅबचा विषय निघाला की आई भांडी घासायला लागते. घासलेली असली तरी."

मी तिला वचन दिले नाही. गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे तिला पुढे कधीतरी शिकवावे लागेल. एकोणीस वर्षांच्या मुलीचे गुपित आणि तिच्या आईचा जाणून घेण्याचा हक्क यांत मला दुसरा पक्ष अधिक सबळ वाटला, म्हणून हे पत्र.

काम तेच आहे. पानाच्या पाठीवर बिनरंगी नेलपॉलिशचा हात द्यायचा, वाळू द्यायचे, चिकटपट्टीने तो पापुद्रा अलगद उचलायचा आणि काचपट्टीवर बसवायचा. पानाचा हुबेहूब ठसा मिळतो. सूक्ष्मदर्शकाखाली पानाची रंध्रे दिसतात, अर्धवट मिटलेल्या ओठांसारखी. ती मोजायची. नव्या मुलांना आधी सरावाच्या पेटीतल्या चाळीस पट्ट्या मोजाव्या लागतात; ज्यांचे आकडे वहीतल्या प्रमाण आकड्यांशी जुळतात त्यांनाच पुढचे काम मिळते. ही मोजणी पुढच्या सोमवारपासून आहे. मोजणीच्या दिवसांत मी प्रयोगशाळेत जात नाही. ती माझी जुनी सवय आहे.

या सगळ्यात तुला तो जुना प्रसंग आठवणे स्वाभाविक आहे. त्याबद्दल एवढेच म्हणते की संशोधनात असे गैरसमज होतात, आणि त्यांचा संबंध पुढच्या पिढीशी जोडणे तर्काला धरून होणार नाही.

एक बातमी राहिली. या योजनेला माझे नाव द्यायचे घाटते आहे. मी होकार दिलेला नाही. नकारही दिलेला नाही.

तुझी थोरली बहीण

१६ जून

चि. ठकूस,

माझे पत्र मला परत मिळाले. तीस वर्षे छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या बाईला पत्र लिहिताना मी अधिक सावध राहायला हवे होते. तीन पानांत तू दोनच खुणा केल्या आहेस. 'तो जुना प्रसंग' या शब्दांखाली लाल रेघ आणि समासात 'कोणता?'. 'गैरसमज' या शब्दाखाली रेघ आणि समासात 'कोणाचा?'. याखेरीज एक ओळ नाही, सही नाही. गुडघ्याचीही चौकशी नाही.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे क्रमाने देते.

बत्तीस वर्षांपूर्वी याच योजनेत, याच प्रयोगशाळेत तू एका सुट्टीत काम केलेस. तू पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. मी प्रबंध लिहीत होते आणि तुझी मार्गदर्शक होते. बहिणीने बहिणीला मार्गदर्शन करू नये असा नियम तेव्हा नव्हता. असायला हवा होता. पाच जातींची रोपे, प्रत्येकीच्या आठ पट्ट्या, चार उन्हात वाढलेल्या पानांच्या, चार सावलीतल्या. जातीगणिक एक लाकडी ट्रे. कोणत्या क्रमांकाची पट्टी उन्हातली आणि कोणती सावलीतली हे माळीकाकांनी लिहून बंद पाकिटात ठेवले होते, आणि दोघींची मोजणी संपेपर्यंत ते फोडायचे नव्हते. मोजणाऱ्याने आंधळेपणाने मोजावे, ही आमच्या कामातली सर्वांत प्रामाणिक रीत.

आपले आकडे बत्तीस पट्ट्यांवर जुळले. तिसऱ्या ट्रेमधल्या आठ पट्ट्यांवर, क्रमांक सतरा ते चोवीस, जुळले नाहीत. नियमाप्रमाणे पुन्हा मोजणी झाली. तीनदा झाली. तुझे आकडे बदलले नाहीत. तू म्हणालीस, "ताई, मी तीनदा मोजलंय." मी म्हणाले, "मग तू तीनदा चुकलीस." त्यानंतर मी तुझे आठ आकडे खोडले आणि तुझ्या अहवालावर शेरा लिहिला. तो मला शब्दशः आठवतो: 'उत्साही, परंतु निरीक्षण विश्वासार्ह नाही.' तू पुढच्या सत्राला आली नाहीस. घरी सांगितलेस, मला अभ्यास जमत नाही.

'कोणता' याचे उत्तर हे. आता 'कोणाचा'.

तुझी लेक मोजणीला बसली आणि आठ पट्ट्यांवर नापास झाली. सतरा ते चोवीस. तिने पुन्हा मोजले, पुन्हा तेच. आमच्या प्रमुखाने तिला बाजूला घेतले. तो मनाने चांगला माणूस आहे. कोणाला नापास करायचे म्हणजे त्याला जेवण जात नाही. हे संभाषण मला तुझ्या लेकीकडून कळले.

"अगं, जागा बदलून बघ," तो म्हणाला. "पट्टीवर जरा इकडेतिकडे सरकलं की मिळतो आकडा. मलासुद्धा तिसऱ्या वेळी मिळाला होता."

"सर, मिळाला की तुम्ही मिळवलात?"

"वाद घालू नकोस. चोवीस तारखेपर्यंत जुळलं नाही तर तुझी जागा प्रतीक्षायादीतल्या मुलीला द्यावी लागेल. मला ते करायचं नाहीये, कळलं?"

"मी सरकवणार नाही, सर. जी जागा ठरवून दिलीय तिथेच मोजणार."

वाद घालू नकोस, असे त्याने तिला सांगितले याचे मला हसू आले. बाबा माझ्याबद्दल म्हणत ते तुला आठवते का? ही भांडत नाही, ही खटला चालवते. तो गुण माझ्या घरात कोणाला गेला नाही, कारण माझे घर म्हणजे मीच. तुझ्या घरात गेलेला दिसतो.

तिने सरळ कपाटातली जुनी नोंदवही काढली आणि माझ्या टेबलावर उघडी ठेवली.

"हे आईचं अक्षर आहे."

"हो."

"आई इथे होती?"

"एका सुट्टीत."

"मला कधीच बोलली नाही." थोडा वेळ ती त्या खोडलेल्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिली. "कोणी खोडलं?"

"मी."

"का?"

"चूक होते म्हणून."

"माझेही तेच येतायत. एक-दोनचा फरक सोडला तर तेच."

मी तिला पुन्हा मोजायला सांगितले. ती मोजायला गेली नाही. दुसऱ्या दिवशी आली ती तिसरा ट्रे बगलेत धरून आणि हातात कागद घेऊन. कागदावर दोन स्तंभ होते, डावीकडे तुझा, उजवीकडे माझा.

"मावशी, आईचे आकडे खालून वर वाचा."

"दाराच्या आत मॅडम."

"मॅडम, खालून वर वाचा."

मी वाचले. तुझा स्तंभ खालून वर वाचला की माझा होतो.

"आता खाच बघा," ती म्हणाली आणि ट्रे टेबलावर ठेवला. ते ट्रे सुताराने हाताने केलेले होते. पहिली पट्टी कोणत्या बाजूला हे कळावे म्हणून त्याने प्रत्येक ट्रेला कोपऱ्यात एक खाच पाडली होती. चार ट्रेंची खाच पहिल्या पट्टीपाशी आहे. तिसऱ्याची शेवटच्या पट्टीपाशी. "तुम्ही खाचेपासून सुरुवात केलीत. पट्टीवरचा नंबर न वाचता पहिली ती सतरा, दुसरी ती अठरा, असं लिहीत गेलात. पहिली चोवीस होती. आईने प्रत्येक पट्टीचा नंबर वाचला. बस, एवढंच."

एवढेच होते. त्या उलट्या आकड्यांमुळे तिसऱ्या जातीची सावलीतली पाने उन्हातल्या पानांहून अधिक रंध्रांची ठरली. सर्वसाधारण नियमाला तो अपवाद होता, म्हणून त्यावर निबंध झाला, आणि निबंधावर मला नेमणूक मिळाली. आज तो निबंध कोणी वाचत नाही. पण मी ज्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे ते त्या निबंधाचे आहे.

अशा रीतीने सत्य आता उघड झाले आहे. चूक सुताराची आणि माझी होती, प्रामाणिक होती, आणि तिचा त्रास तुला झाला. त्याबद्दल मी मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करते. पेटीतले प्रमाण आकडे यथावकाश दुरुस्त करण्याची व्यवस्था पाहते.

तुझी थोरली बहीण

२५ जून

ठकू,

दुसरे पत्रही परत आले. या वेळी एकच खूण. शेवटच्या परिच्छेदात 'आता' हा शब्द. त्याखाली रेघ, आणि समासात 'केव्हा?'.

तीन दिवस मी त्या शब्दाकडे पाहत होते. उत्तर देते.

एकतीस वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, एका मंगळवारी दुपारी. तू विद्यापीठ सोडून आठ महिने झाले होते. नेमणूक होऊन मला नवी खोली मिळाली होती आणि मी सामान हलवत होते. तिसरा ट्रे उचलताना सहज खाचेजवळच्या पट्टीवर नजर गेली. क्रमांक चोवीस. तिच्या शेजारची तेवीस. तिसरी मी वाचली नाही. गरज नव्हती.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. कागद दाखवून झाल्यावर तुझ्या लेकीने मला आणखी एक प्रश्न विचारला होता. अगदी मायेने विचारला. मला सोडवण्यासाठीच विचारला. "तुम्हाला कळलंच नसेल ना, इतकी वर्षं?" मी म्हणाले, "पाच वाजले. सूक्ष्मदर्शकावर झाकण घाल." आणि घरी येऊन तुला लिहिले की सत्य आता उघड झाले.

आणखी एक वाक्य आहे. 'पुन्हा मोजणी झाली. तीनदा झाली.' हे तू खूण न करता सोडलेस. तुझ्या नजरेतून ते सुटले असे मी मानत नाही; ती दुरुस्ती मीच करावी अशी तुझी अपेक्षा असावी. तीनदा मोजणारी तू होतीस. मी एकदाही पुन्हा मोजले नाही. माझी गरज नाही असे मी गृहीत धरले, आणि गृहीतक तपासल्यावाचून निष्कर्ष काढला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला या चुकीसाठी मी नापास केले असते. खाच सुताराने चुकीच्या जागी पाडली हे खरे. पण तुझे आकडे सुताराने खोडले नाहीत.

त्या मंगळवारी मी काय केले असे तू विचारशील. मी ट्रे कपाटात ठेवला, हात धुतले आणि स्वतःशी वाद घातला. तो वाद मी जिंकले. मी नेहमीच जिंकते. निबंध छापून झाला होता. आठ पट्ट्यांनी जगाचे काही बिघडत नव्हते. तू छापखान्यात रुजू झाली होतीस आणि खूश दिसत होतीस. खूश दिसत होतीस हे मी ठरवले, विचारले नाही. पुढे दोन संशोधकांनी दोन वेगवेगळ्या वर्षी लिहिले की तिसऱ्या जातीत त्यांना अपवाद सापडत नाही. दोघांनाही मी सभ्य उत्तर पाठवले: वाणाचा फरक असावा.

आणि ती पेटी. निबंध छापून आला तेव्हाच त्या चाळीस पट्ट्या सरावासाठी ठेवल्या गेल्या होत्या, माझे आकडे प्रमाण धरून. त्या बाहेर काढायच्या तर कारण द्यावे लागले असते. मी कारण दिले नाही; मोजणीच्या दिवसांत प्रयोगशाळेत जाणे बंद केले. दरवर्षी चार-पाच मुले त्या आठ पट्ट्यांपाशी अडकत. काही पट्टी सरकवून आकडा जुळवत. त्यांना आम्ही ठेवून घेत असू. काही जुळवत नसत; ती निघून जात. एकतीस वर्षे मी कोणत्या प्रकारची माणसे निवडली आणि कोणत्या प्रकारची घालवली, याचा विचार मी या आठवड्यापूर्वी कधी केला नव्हता, असे लिहिले तर ते खोटे होईल. केला होता. दरवर्षी, त्याच दिवसांत.

बाबांनी तुझी थट्टा केली होती ती जेवणाची वेळ मला आठवते. "आमच्या ठकूचं सगळं पहिल्या आठवड्यात जोरात," ते म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. तू ताटाकडे बघत हसलीस. मला वाटले आता बोलशील, ताईने खोडले म्हणून सांगशील. तू बोलली नाहीस. मी सर्वांना पाणी वाढले. बाबा गेले ते तुला अर्ध्यावर सोडणारी समजून गेले, आईसुद्धा. त्यांची समजूत दुरुस्त करण्याची मुदत माझ्या हातून गेली आहे. या एका गोष्टीवर माझ्याकडे कोणताही युक्तिवाद नाही.

काल चोवीस तारीख होती. मी प्रयोगशाळेत गेले. चार मुले आपापल्या सूक्ष्मदर्शकाशी बसली होती. तुझी लेक सर्वांत शेवटी, पाठ ताठ, समोर कोरा तक्ता. खाचेची गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती; ती मी सांगावी म्हणून थांबली होती. प्रमुख उठून उभा राहिला.

"मॅडम? आज तुम्ही इकडे?"

"उशीर झाला. तिसरा ट्रे द्या."

मुलांत कुजबुज झाली. मुले मला फूटपट्टी म्हणतात हे ठाऊक आहे; "फूटपट्टी स्वतः मोजणार!" असे कोणीतरी बोललेही. मी बसले. हात पूर्वीसारखा स्थिर नाही, म्हणून तुझ्या लेकीला शेजारी बसवून पट्टी जागेवर लावायला सांगितले. तिने खाच पाहिली आणि ट्रे सरळ केला. काही न बोलता पहिली पट्टी उचलली आणि क्रमांक मोठ्याने वाचला, "सतरा." मुद्दाम मोठ्याने; माझ्या कानाला काही झालेले नाही. मी मोजले, आकडा लिहिला. "अठरा." मी मोजले. अकरा वाजता बसले ती चार वाजता उठले. मध्ये कोणीतरी चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

मग मी माझा कागद तुझ्या खोडलेल्या आकड्यांशेजारी ठेवला आणि मुलांना जे घडले ते सांगितले. सुतारापासून मंगळवारपर्यंत, मंगळवार न वगळता. सांगायला फार वेळ लागत नाही. मला वाटले होते लागेल.

प्रमुख स्टुलावर बसला. "मॅडम, मी तर तिसऱ्या वेळी..."

"मला माहीत आहे."

"तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग मला घेतलंत कसं?"

"तू जुळवलंस म्हणून."

हे वाक्य मी त्याला बोलायला नको होते असे तू म्हणशील. पण त्याने खरे विचारले होते. आज सकाळी त्याने सरावाच्या वहीतले प्रमाण आकड्यांचे पान फाडून टाकले आणि आपल्या हाताने पट्ट्या मोजायला घेतल्या. त्याला लगेच जमत नाही. डोळे जुना आकडा शोधतात.

तुझ्या लेकीची जागा पक्की आहे. ती माझ्या कृपेने नाही. तिचे आकडे बरोबर होते. यात तुला शंका नसावी म्हणून लिहिते, निर्णयाच्या कागदावर माझी सही नाही.

ती माझ्याशी फारसे बोलली नाही. जाताना एवढेच विचारले, "आईला तुम्ही सांगणार की मी?"

"मी."

"मग लावा फोन."

"लिहिते."

"तीस वर्षं बोलून शिकवलंत, आणि आता लिहिणार?"

"बोलताना मी जिंकते. म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिले, तू पाहायचीस तशी, भिंग न लावता. मग आम्ही दोघी बाहेर पडलो आणि दारापलीकडे पोहोचल्यावर ती म्हणाली, "येते, मॅडम." दाराबाहेर, ठकू. मी तिला दुरुस्त केले नाही.

सोबत तीन कागद आहेत. पहिला, योजनेला माझे नाव देऊ नये असे कुलसचिवांना लिहिलेल्या पत्राची प्रत; कारण त्यात दिले आहे. दुसरा, तुझ्या त्या अहवालाची प्रत. दप्तरात तो होता. जुना शेरा खोडण्याचा अधिकार मला नाही आणि खोडण्याचा माझा पूर्वेतिहास चांगला नाही. म्हणून त्याच्याखाली आजच्या तारखेने लिहिले आहे, 'वरील शेरा चुकीचा असून तो चुकीचा असल्याचे शेरा लिहिणारीस एकतीस वर्षांपासून ठाऊक होते.' तिसरा, नियतकालिकाकडे जाणारे दुरुस्तीपत्र. ते अजून धाडलेले नाही. 'अनवधानाने' हा शब्द मी त्यात दोनदा घातला आणि दोनदा काढला. आता तो तिथे नाही, पण अशा शब्दांच्या जागा तुला माझ्याहून अधिक ठाऊक आहेत. तपासून दे. जे काही मी झाकले असेल त्याखाली रेघ ओढ. तू परत पाठवशील तसे ते जाईल. सात जुलैपर्यंत परत आले नाही तर आहे तसे जाईल; हे तुझ्यावर टाकून मी आणखी थांबणार नाही.

क्षमेबद्दल मी बराच विचार केला. ती मागितली की समोरच्यावर उत्तराचे ओझे पडते, म्हणून ती मागू नये, असा एक पक्ष मी मांडून पाहिला. तो सबळ आहे. तरीही मागते. उत्तर देऊ नकोस. आशीर्वाद अजूनही लिहीत नाही. ते तू म्हणशील तेव्हा.

खाली काल मोजलेले आकडे देते. सतरा ते चोवीस, पट्टीवरचा क्रमांक वाचून.

एकसष्ट. अठ्ठावन्न. त्रेसष्ट. साठ.
चव्वेचाळीस. अठ्ठेचाळीस. बेचाळीस. सेहेचाळीस.

बाविसाव्या आणि चोविसाव्या पट्टीवर तुझ्या-माझ्यात एकेकाचा फरक आहे. दोन्ही ठिकाणी तुझा आकडा धरावा.

तुझी,
बत्तीस वर्षांनी मोजायला बसलेली
ताई